लॅपटॉपमधल्या खोट्या नेटवर्कला खरा कॉम्प्युटर जोडता येतो, त्यामागे या दाढीवाल्या माणसाची वही आहे

नेटवर्किंगचा कोर्स करणाऱ्या कुठल्याही पोराच्या लॅपटॉपमध्ये डोकावून बघा. स्क्रीनवर चार-पाच राऊटर, दोन स्विच आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दिसतील. यातलं एकही यंत्र खोलीत नसतं. खरे राऊटर विकत घ्यायचे तर खिशाला चांगलीच झळ बसते, म्हणून जीएनएस-थ्रीसारखं सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या मेमरीतच अख्खी लॅब उभी करून देतं.

पण काही दिवसांनी या खेळाचा कंटाळा येतो. आपला खरा कॉम्प्युटर या खोट्या नेटवर्कला जोडता येईल का, असा प्रश्न पडतो.

तर येतो. लॅबच्या यादीतून क्लाउड नावाचं चित्र ओढून स्क्रीनवर आणायचं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये लूपबॅक ॲडॅप्टर, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमध्ये असलेलं एक नेटवर्क कार्ड बसवायचं आणि ते त्या क्लाउडला जोडायचं. त्या कार्डाला १०.०.०.१ असा पत्ता द्यायचा. समोरच्या खोट्या राऊटरच्या पोर्टला १०.०.०.२ द्यायचा आणि तो पोर्ट चालू करायचा. मग कमांडची खिडकी उघडून पिंग टाईप करायचं.

आणि उत्तर येतं. खऱ्या कॉम्प्युटरने हाक मारली आणि जगात नसलेल्या राऊटरने ओ दिली.

आता गंमत बघा. राऊटरला ठाऊक नसतं की समोर खरा कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटरला ठाऊक नसतं की समोर राऊटर नसून एक प्रोग्राम आहे. दोघंही एकमेकांची चौकशी करत नाहीत. समोरचा ठरलेल्या नियमाने बोलतोय ना, एवढंच बघतात.

हे नियम ज्याने वर्षानुवर्षं लिहिले, तपासले, छापले आणि सांभाळले, त्या माणसाचं नाव होतं जॉन पोस्टेल. तो १९९८ साली गेला. पण वरच्या लॅबमधला १० हा आकडा, पिंगचं उत्तर, लूपबॅक या कल्पनेचा पत्ता, या सगळ्यांची नोंद त्याच्या वहीतून गेलेली आहे.

शाळेतले तीन मित्र आणि एक फ्रिजएवढं यंत्र

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडिना गावचा. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. त्याच शाळेत विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर नावाची दोन पोरं होती. पुढे इंटरनेटचा पाया घालणाऱ्यांत या तिघांची नावं आली. एका शाळेने एवढं दिलं म्हणजे बघा.

पोस्टेल यांनी यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९६८ साली पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं. तिथे प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांचा एक गट काम करत होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आर्पानेट नावाचं नेटवर्क बांधायला घेतलं होतं आणि त्याचं पहिलं ठिकाण यूसीएलए ठरलं होतं.

१९६९ च्या ऑगस्टच्या शेवटी तिथे मोठ्या फ्रिजएवढं एक यंत्र आलं. त्याला आयएमपी म्हणत. आजच्या भाषेत सांगायचं तर हा राऊटरचा आजोबा. विद्यापीठातला सिग्मा सेव्हन कॉम्प्युटर या यंत्राला जोडायचा, हे विद्यार्थ्यांचं काम. आज आपण लॅपटॉप लॅबला जोडतो तेव्हा दोन क्लिक लागतात. तेव्हा त्यासाठी वेगळं हार्डवेअर बनवावं लागलं, वेगळा प्रोग्राम लिहावा लागला, आणि मुख्य म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी काय बोलायचं हे आधी ठरवावं लागलं.

२९ ऑक्टोबर १९६९ ला यूसीएलएमधून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरला पहिला संदेश गेला. लॉगिन शब्दाची पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद पडला. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा जमलं.

या खटपटीत विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळली. वायर जोडणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे करार. कोण आधी बोलणार, चूक झाली तर काय करणार, कुठल्या आकड्याचा काय अर्थ. हे करार लिहून ठेवण्यासाठी स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये आरएफसी नावाची टिपणं सुरू केली. रिक्वेस्ट फॉर कमेंट्स, म्हणजे यावर तुमचं मत कळवा. हुकूम वाटू नये म्हणून मुद्दाम निवडलेलं हे नम्र नाव.

या टिपणांच्या संपादनाचं काम पोस्टेल यांच्याकडे आलं. ते त्यांनी मरेपर्यंत, जवळजवळ तीस वर्षं केलं.

नंबर वाटणारा माणूस

टिपणं वाढत गेली, तशी एक साधीच अडचण उभी राहिली. प्रत्येक कामासाठी काहीतरी नंबर लागायचा. एका विद्यापीठाने एका कामाला एक नंबर घेतला आणि दुसऱ्याने त्याच नंबरावर वेगळंच काम सुरू केलं, तर गोंधळ ठरलेला. गावात एकच घर नंबर दोघांनी लावला तर पोस्टमनचं काय होईल, तसंच.

३० मे १९७२ रोजी पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ लिहिली. त्यात त्यांनी सुचवलं की हे नंबर वाटायला कुणीतरी एक झार नेमावा. आणि पुढे कंसात, प्रश्नचिन्ह टाकून, तो मीच होऊ का, असं विचारलं. कुणी नाही म्हटलं नाही. इंटरनेटच्या इतिहासातली एक मोठी नेमणूक अशी कंसातल्या प्रश्नचिन्हाने झाली.

तेव्हापासून कुणाला नंबर हवा असेल तर पोस्टेल यांना विचारायचं, ते नोंद करायचे आणि नंबर द्यायचे. १९७७ च्या मार्चमध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आयएसआयमध्ये दाखल झाले. मरीना डेल रे इथे समुद्राकाठी असलेल्या या संस्थेत ते शेवटपर्यंत राहिले. लांब दाढी, पायात सँडल आणि कमी बोलणं, अशी त्यांची ओळख. सुट्टी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर पिशवी टाकून भटकायला जायचे.

पुढे जॉयस रेनॉल्ड्स या सहकारी त्यांच्यासोबत हे काम बघू लागल्या. या कामाला आयएएनए असं भारदस्त नावही मिळालं. पण या भारदस्त नावामागे माणसं मूठभरच होती. त्यांचा पगार सरकारी संशोधनाच्या कंत्राटातून यायचा आणि नंबर फुकट मिळायचा.

किती सरळ काम होतं याचा नमुना बघा. १९९५ च्या जुलैमध्ये तातू यलोनेन या फिनलंडच्या तरुणाने एसएसएच नावाचा सुरक्षित प्रोग्राम लिहिला. टेलनेटचा नंबर २३, एफटीपीचा २१, मधला २२ मोकळा होता. त्याने ईमेल करून तो मागितला. दुसऱ्या दिवशी जॉयस रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं, २२ तुमचा. आज जगभरचे सर्व्हर आणि राऊटर सांभाळणारे लोक रोज याच नंबराच्या दारातून आत जातात.

खालची वायर कशाची आहे, हे वरच्याला कशाला हवं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खोट्या वायरवर खरं नेटवर्क चालतंच कसं?

सत्तरच्या दशकात विंट सर्फ आणि बॉब कान यांनी टीसीपी नावाचा नियम तयार केला. त्यात सगळं एकत्र होतं. पॅकेट एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये नेणंही त्यातच, आणि सगळी पॅकेट नीट, क्रमाने पोचली का हे बघणंही त्यातच.

ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी एक छोटं टिपण लिहून यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की आपण दोन वेगळी कामं एकाच नियमात कोंबतोय आणि त्यामुळे थरांची शिस्त मोडतेय. पॅकेट एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर ढकलणं हे एक काम. दोन टोकांच्या कॉम्प्युटरनी आपसात हिशेब जुळवणं हे दुसरं. मधल्या यंत्रांना पहिलंच काम करू द्या. दुसरं दोन्ही टोकं बघून घेतील.

एसटीचं उदाहरण घ्या. पार्सल घेऊन जाणाऱ्या गाडीला पत्ता वाचता आला की पुरे. आतली साडी आवडली की नाही हे देणारा आणि घेणारा बघतील. कंडक्टरने त्यात पडायचं कारण नाही.

आयएसआयमधले डॅनी कोहेन यांचंही असंच मत होतं. ते नेटवर्कवरून आवाज पाठवायचे प्रयोग करत होते. बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवून उपयोग नसतो, तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. सगळ्यांवर टीसीपीची सक्ती झाली असती तर आवाजाचं काम अडलं असतं.

१९७८ मध्ये हे दोन तुकडे वेगळे झाले. खालचा आयपी आणि वरचा टीसीपी. आवाजासारख्या कामांसाठी यूडीपी नावाचा हलका नियम आला, तो ऑगस्ट १९८० मध्ये पोस्टेल यांनीच अवघ्या तीन पानांत लिहिला. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीचे नियम आरएफसी ७९१ आणि ७९३ म्हणून त्यांच्याच संपादनाखाली निघाले.

या वाटणीचा परिणाम काय झाला? आयपीला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं राहिलं नाही. तांब्याची तार असो, रेडिओ असो, उपग्रह असो. नोव्हेंबर १९७७ मध्येच तीन वेगळ्या नेटवर्कना जोडून एक प्रयोग झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून रेडिओने पॅकेट निघाली, आर्पानेटवरून पुढे गेली, उपग्रहामार्गे अटलांटिक ओलांडून युरोपात जाऊन परत आली आणि मरीना डेल रेला आयएसआयच्या कॉम्प्युटरवर उतरली.

ज्या नियमाला रेडिओ आणि उपग्रह यांतला फरक पडत नाही, त्याला लोखंडी राऊटर आणि मेमरीतला राऊटर यांतला फरक का पडावा? तुमच्या लॅबमधला क्लाउड हा त्या थरांचाच फायदा घेतो. लॅपटॉपच्या कार्डावरून येणारी पॅकेट तो उचलतो आणि प्रोग्रामच्या हातात देतो. वरच्या आयपीला खालच्या बदलाचा पत्ताही लागत नाही. आज भाड्याने मिळणारे बहुतेक सर्व्हर एका मोठ्या यंत्रातले असेच आभासी कॉम्प्युटर असतात, त्यांचीही हीच रीत.

आधी स्वतःशी बोला, मग दुसऱ्याशी

नियम कागदावर लिहिला म्हणजे तो चालतो असं नाही. पोस्टेल यांना हे चांगलं ठाऊक होतं. १९७४ साली त्यांनी पीएचडी केली ती याच विषयावर. नेटवर्कचे नियम आकृत्यांमध्ये मांडायचे आणि दोन्ही बाजू एकमेकींची वाट बघत अडकून पडतील अशी जागा कुठे आहे का, हे आधीच शोधायचं. प्रत्यक्ष नेटवर्कला हात लावण्याआधी कागदावर केलेली ही लॅबच होती.

पुढे टीसीपी लिहिणाऱ्या वेगवेगळ्या गटांना एकत्र बसवून परीक्षा घेतल्या जाऊ लागल्या. त्यांना बेक-ऑफ म्हणत, म्हणजे पाककलेची स्पर्धा. पोस्टेल यांनी त्याची गुणपद्धती १९८७ साली आरएफसी १०२५ मध्ये छापून ठेवली. तुमच्या प्रोग्रामला स्वतःशीच बोलता आलं, तर एक गुण. दुसऱ्याच्या प्रोग्रामशी बोलता आलं, तर जास्त. मुद्दाम बिघडवलेली, वेडीवाकडी पॅकेट अंगावर आली तरी कोसळला नाही, तर आणखी जास्त.

लॅब जोडताना आजही हाच क्रम उपयोगी पडतो. पिंगला उत्तर येत नसेल तर घाबरून सगळं पुसून टाकू नका. आधी १२७.०.०.१ ला पिंग करा. हा पत्ता म्हणजे कॉम्प्युटर स्वतः. १२७ हा आकडा या कामासाठी राखून ठेवल्याची नोंद रेनॉल्ड्स आणि पोस्टेल यांच्या १९८६ च्या यादीत, आरएफसी ९९० मध्ये आहे. मग आपल्या कार्डाच्या पत्त्याला पिंग करा. मग शेजारच्या राऊटरला. मग त्याच्या पलीकडच्या राऊटरला.

बहुतेक वेळा गाडी शेवटच्या पायरीवर अडते. तुमचं पॅकेट पलीकडे पोचलेलं असतं, पण परत कुठून यायचं हे पलीकडच्या राऊटरला कुणी सांगितलेलं नसतं. जायची वाट लिहिली, यायची राहिली. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे कॉम्प्युटरवरून राऊटरला पिंग जातं, पण राऊटरवरून कॉम्प्युटरला जात नाही. तेव्हा नेटवर्कला दोष देण्याआधी कॉम्प्युटरची फायरवॉल बघा, ती दाराशी आलेल्या पाहुण्याला परत पाठवत असते.

या पिंगची हाक आणि उत्तर ज्या नियमाने जातात तो आयसीएमपी. आरएफसी ७९२, सप्टेंबर १९८१, लेखक जॉन पोस्टेल. त्या नियमावर पिंग हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला.

आणि लॅबमध्ये सगळे वापरतात तो १० चा पत्ता? पोस्टेल यांच्या जुन्या याद्यांमध्ये १० हा नंबर खुद्द आर्पानेटचा होता. १९९० मध्ये आर्पानेट बंद झालं, नंबर मोकळा झाला, आणि पुढे आयएएनएने तो घरगुती वापरासाठी राखून ठेवला, १९२.१६८ च्या जोडीने. म्हणजे आज कुणीही आपल्या खोट्या नेटवर्कला १० ने सुरू होणारा पत्ता देतो, तेव्हा तो आर्पानेटची जुनी पाटीच दारावर लावत असतो.

पोस्टेल यांच्या नावाने एक तत्त्वही ओळखलं जातं. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावा, दुसऱ्याचं ऐकताना मात्र थोडं उदार असावं. आज सुरक्षेचं काम करणारे यावर वाद घालतात, कारण ऐकण्यातल्या उदारपणाचा फायदा चोरही घेतात. पण ज्या काळात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळी भाषा बोलत होता, त्या काळात या समजूतदारपणाशिवाय जोडणीच झाली नसती.

देश कुठला, हे आम्ही ठरवणार नाही

१ जानेवारी १९८३ ला आर्पानेटने जुना नियम सोडून टीसीपी-आयपी स्वीकारला. या बदलाचा आराखडा पोस्टेल यांनी १९८१ च्या नोव्हेंबरमध्येच लिहून ठेवला होता.

त्याच वर्षी आयएसआयमधल्या पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस तयार केलं, म्हणजे आकड्यांऐवजी नावं वापरायची सोय. हे काम त्यांना पोस्टेल यांनीच सोपवलं होतं. मग प्रश्न आला देशांच्या नावांचा. कुठला प्रदेश देश आहे आणि कुठला नाही, हा जगातला सगळ्यात तापलेला वाद. पोस्टेल यांनी त्यात हात घातला नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची दोन अक्षरी यादी आधीपासून होती, तीच उचलली. यादीत असेल तर मिळेल, नसेल तर नाही.

भारताचं डॉट इन याच पद्धतीने १९८९ च्या मे महिन्यात नोंदलं गेलं. आणि ते सांभाळायचं काम आलं मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे. २००५ मध्ये नवी व्यवस्था येईपर्यंत डॉट इनची वही जुहूमध्ये होती.

एक ईमेल आणि व्हाइट हाउसची धावपळ

नव्वदच्या दशकात इंटरनेटमध्ये पैसा आला आणि वहीकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली.

डॉट कॉमची नावं देण्याचं कंत्राट नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होतं. १९९५ पासून तिने नावांसाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. नावांची झुंबड उडाली होती, त्यामुळे हा धंदा मोठा होता आणि तो एकाच कंपनीच्या हातात होता. पोस्टेल यांनी सुचवलं की आणखी बरीच नवी नावं काढावीत आणि इतरांनाही हे काम करू द्यावं. त्यावर वर्षानुवर्षं बैठका, समित्या आणि भांडणं झाली. मूळ प्रश्न एकच, ही वही नेमकी कुणाची? पोस्टेल यांची, कंपनीची, की पैसे देणाऱ्या अमेरिकन सरकारची?

तेव्हा जगात नावांची मूळ यादी ठेवणारे १३ रूट सर्व्हर होते. बाकीचे सगळे कंपनीकडच्या मुख्य सर्व्हरवरून यादी उचलायचे. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल पाठवली. यादी कंपनीकडून न घेता आयएएनएच्या सर्व्हरवरून घ्या.

त्या आठही जणांनी तसं केलं. पोस्टेल यांच्याकडे ना पोलीस होते, ना कायदा, ना त्यांना हुकूम देण्याचा अधिकार. शब्द मात्र चालला.

सामान्य माणसाला यातलं काही जाणवलं नाही, कारण दोन्हीकडची यादी सारखीच होती. पण सत्ता दोन ठिकाणी विभागली गेली. उद्या पोस्टेल यांनी यादीत एखादं नवं नाव घातलं असतं, तर अर्ध्याहून जास्त सर्व्हरनी ते मान्य केलं असतं आणि उरलेल्यांनी नाही. बातमी व्हाइट हाउसमध्ये पोचली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर इंटरनेटचं धोरण बघत होते. त्यांनी हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. पोस्टेल यांनी ही फक्त चाचणी होती असं सांगितलं आणि आठवडाभरात सगळं पूर्ववत केलं.

ती खरंच चाचणी होती की इशारा, यावर आजही दोन मतं आहेत. काहींना वाटतं, पोस्टेल यांनी मर्यादा ओलांडली. काहींना वाटतं, एका कंपनीच्या हातात सगळं जाण्याआधी त्यांनी दाखवून दिलं की नेटवर्क लोकांच्या संमतीवर चालतं. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मात्र त्या आठवड्यात कळली. जगाचा व्यवहार ज्या वहीवर चालतो, ती एका माणसाच्या सचोटीवर सोडता येणार नाही. माणूस कितीही सज्जन असला तरी.

त्याच आठवड्यात सरकारचा नव्या व्यवस्थेचा मसुदा आला. पुढचे कित्येक महिने पोस्टेल यांनी आपलं काम एका संस्थेच्या हाती सोपवायची तयारी करण्यात घालवले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन या संस्थेची नोंदणी झाली.

वही बंद झाली नाही

पोस्टेल यांच्या हृदयाची झडप १९९१ मध्ये बदलावी लागली होती. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, त्यातून गुंतागुंत वाढली आणि १६ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५. आयकॅनच्या नोंदणीला तेव्हा जेमतेम १६ दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेपासूनचे सोबती विंट सर्फ यांनी त्यांच्यावर श्रद्धांजली लिहिली. ती आरएफसी म्हणून निघाली, नंबर २४६८. ज्या टिपणांचं संपादन माणसाने आयुष्यभर केलं, त्याच मालिकेत त्याचा मृत्युलेख. इंटरनेट सोसायटी १९९९ पासून त्यांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार देते.

त्या तीस वर्षांत जगभरच्या कंपन्यांनी कोट्यवधी कमावले. पोस्टेल यांनी दिलेल्या एकाही नंबरासाठी पैसे घेतले नाहीत आणि आयएसआयची नोकरी शेवटपर्यंत सोडली नाही. एका ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांना इंटरनेटचा देव ठरवलं होतं, पण त्यांच्या कामाला देवापेक्षा गावच्या तलाठ्याची उपमा जास्त शोभेल. जमीन त्याची नसते, पीक त्याचं नसतं. सातबारा मात्र चोख लागतो, नाहीतर गावात डोकी फुटतात.

आयएएनए आजही आहे. नवा नियम निघाला, नवा नंबर लागला, की नोंद तिथेच होते. यादीत आयसीएमपीचा नंबर १, टीसीपीचा ६, यूडीपीचा १७. पोस्टेल यांच्या काळात लागलेले हे आकडे अजून तेच आहेत. खऱ्या तारेवरून जाणारं पॅकेट असो की लॅपटॉपच्या मेमरीत फिरणारं, त्याच्या कपाळावर यातला एखादा आकडा असतो, आणि समोरचा तेवढाच बघून त्याला आत घेतो.